ग्रँड पियानोची अंतर्रचना : सांधा सुधारण्याची दोन शतके

सभागृहात ग्रँड पियानोचे झाकण उघडले की प्रथम नजरेत भरते ती सोनेरी रंगाची बिडाची चौकट आणि तिच्यावर ताणलेल्या सव्वादोनशेच्या आसपास तारा. या तारांचा एकत्रित ताण सुमारे २० टनांच्या घरात जातो. वाद्याची भव्यता डोळ्यांना पटविणारा हा भाग. वादकाच्या बोटांशी क्षणोक्षणी ज्याचा संबंध येतो, तो भाग मात्र श्रोत्याला कधीच दिसत नाही. पट्ट्यांच्या मागे आणि तारांच्या खाली हजारो लहान तुकड्यांची एक यंत्रणा बसविलेली असते. पाश्चात्त्य कारागीर तिला ‘ॲक्शन’ म्हणतात. समोरची फळी व काही स्क्रू काढले की ही सबंध यंत्रणा टेबलाच्या खणासारखी बाहेर ओढून घेता येते.

या यंत्रणेचा मूळ आराखडा आता दोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. १८२१ मध्ये पेटंट झालेल्या एरार यांच्या रचनेत जे भाग होते, तेच थोड्याफार फरकाने आजच्या पियानोतही आहेत. बदलली आहे ती त्या भागांची जोडणी. कोणता तुकडा कशाच्या आधारे फिरावा, पिन कोणत्या धातूची असावी, तिच्याभोवती कापड असावे की प्लास्टिक, स्क्रू लाकडात बसावा की धातूत, हातोडीच्या वजनातील ग्रॅमभराच्या फरकाकडे लक्ष द्यावे की नाही, असे हे प्रश्न आहेत. वरवर पाहता ते सुतारकामाचे वाटतात. परंतु एखादा स्वर किती हळुवार निघेल आणि एकच स्वर किती जलद पुन्हा वाजविता येईल, हे त्यांच्या उत्तरांवर ठरते. या इतिहासात एका नामवंत कंपनीने मोठ्या विश्वासाने केलेली आणि वीस वर्षांनी मागे घेतलेली एक सुधारणाही आहे.

एका पट्टीमागील हालचाल

पट्टी ही मुळात एक तरफ. तिचे पुढचे टोक बोटाने सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि मागचे टोक वर उचलले जाते. त्या मागच्या टोकावरील धातूची टोपी वरच्या एका आडव्या लाकडी तरफेला ढकलते. या दुसऱ्या तरफेला ‘व्हिपन’ म्हणतात. व्हिपनवर ‘जॅक’ नावाचा इंग्रजी एल अक्षरासारखा तुकडा उभा असतो. हातोडीच्या दांडीखाली चामड्याने मढविलेली एक लहानशी गुंडाळी असते. जॅक तिला खालून रेटा देतो आणि हातोडी तारेकडे झेपावते. विश्रांतीच्या स्थितीत हातोडी तारेपासून सुमारे ४५ मिलिमीटरवर असते. म्हणजे बोटाच्या हालचालीच्या साधारण पाचपट हालचाल हातोडी करते. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे वजनाच्या प्रश्नात तो पुन्हा येतो.

खरे कौशल्य शेवटच्या क्षणाचे आहे. हातोडी तारेपर्यंत ढकलतच नेली तर ती तारेला टेकून राहील आणि स्वर जागीच दबेल. म्हणून तार दीड-दोन मिलिमीटरवर आली की जॅकचे टोक एका बटणाला अडते आणि तो गुंडाळीखालून निसटतो. उरलेले अंतर हातोडी केवळ स्वतःच्या वेगाने पार करते, तारेवर आपटते आणि मागे पडते. या निसटण्याला ‘सुटका’ म्हणता येईल. इटलीतील पादुआ येथे जन्मलेले आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्ये घडविणारे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी इ.स. १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडविला, तेव्हा ही सुटका त्यांनी साधलेली होती. त्यांचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत. १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये आहे.

क्रिस्तोफोरींच्या रचनेत एक अडचण राहिली होती. तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर पट्टी पूर्णपणे वर येऊ द्यावी लागे, कारण त्याशिवाय जॅक गुंडाळीखाली परतत नसे. एरार यांनी यावर ‘दुहेरी सुटके’चा उपाय काढला. तारेवरून परतलेली हातोडी खाली पडू न देता एका कमानीच्या आधाराने अधांतरी तोलून धरायची. पट्टी थोडीशी वर येताच कमान हातोडीला किंचित उचलते आणि जॅक पुन्हा तिच्याखाली शिरतो. पट्टी अर्ध्यावर असतानाच दुसरा आघात करता येतो. रावेल यांच्या १९०८ मधील ‘स्कार्बो’सारख्या रचनेत एकच स्वर विलक्षण वेगाने पुनःपुन्हा वाजवावा लागतो, असे लेखन या यंत्रणेच्या आधारावरच संभवते. उभ्या पियानोत ही सोय नसते. त्याची पुनरावृत्ती मंद असण्याचे कारण हेच.

कापड, पिन आणि टेफ्लॉन

ही सारी हालचाल सांध्यांवर चालते. प्रत्येक स्वरामागे हातोडीची दांडी, व्हिपन, जॅक आणि हातोडी तोलणारी वरची तरफ असे चार सांधे फिरते असतात. ८८ पट्ट्यांचे मिळून ३५२ झाले, आणि डॅम्परचे म्हणजे तारेचा नाद थांबविणाऱ्या गाद्यांचे सांधे निराळेच. प्रत्येक सांध्याची घडण सारखी असते. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची एक पिन मधल्या तुकड्याच्या लाकडात घट्ट ठोकलेली असते. तिची दोन्ही टोके बाजूच्या दुबेळक्या तुकड्याच्या, म्हणजे ‘फ्लँज’च्या, छिद्रांत फिरतात. त्या छिद्रांना आतून लोकरीच्या बारीक विणीच्या कापडाचे अस्तर लावलेले असते. कारखान्यांच्या भाषेत हे कापडी अस्तर म्हणजे ‘बुश’.

या कापडाकडून अपेक्षा मोठ्या विचित्र असतात. सांधा इतका मोकळा हवा की हातोडीला अडथळा होऊ नये, आणि इतका घट्ट हवा की ती बाजूला डुगडुगू नये. हातोडीच्या सांध्यातील घर्षण दोन ते चार ग्रॅमच्या आसपास असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तंत्रज्ञ ते लहानशा ताणकाट्याने मोजतात, किंवा हातोडी लंबकासारखी झुलवून ती किती हेलकावे घेते ते पाहतात. सांधा सैल झाला तर केसभर जाड पिन घालायची. घट्ट झाला तर छिद्र घासायचे, नाहीतर पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा एखादा थेंब सोडून कापड आकसून घ्यायचे. हे काम शेकडो सांध्यांवर करावे लागते आणि ते कायमचे होत नाही. लोकर हवेतील ओलावा शोषते आणि फुगते. कोरड्या हवेत आकसते. ऋतू पालटला की सांधा पालटतो.

त्यातच दुसरे एक दुखणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काही कारखान्यांत, विशेषतः न्यूयॉर्कच्या स्टाइनवेच्या पियानोंत, सांध्यांना ओलाव्यापासून जपण्यासाठी स्निग्ध द्रव्ये मुरविली जात. कालांतराने या द्रव्यांची पितळी पिनांतील तांब्याशी रासायनिक क्रिया होई आणि पिनेभोवती हिरवट, चिकट कीट जमे. आपल्याकडे कल्हई उडालेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर जो कळंक चढतो, त्याच जातीचा हा प्रकार. सांधे मंदावत आणि पट्टी दाबल्यावर वर येईनाशी होई. औषध लावून तात्पुरता आराम पडे. खरा उपाय म्हणजे सगळे भाग बदलणे.

या पार्श्वभूमीवर १९६२ मध्ये स्टाइनवेच्या न्यूयॉर्क कारखान्याने कापडाला रजा देण्याचे ठरविले. त्याजागी टेफ्लॉनचा बुश आला. १९३८ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत योगायोगाने सापडलेले हे द्रव्य ओलावा शोषत नाही, त्याला वंगण लागत नाही, धातूची पिन त्यात अत्यल्प घर्षणाने फिरते आणि ते झिजतेही फार सावकाश. कागदावर याहून योग्य द्रव्य सापडणे कठीण होते. ‘पर्माफ्री’ या नावाने ही सुधारणा बाजारात आली. सांधा कायमचा मोकळा राहील, असा तिचा अर्थ होता.

कापडाच्या बाबतीत तो युक्तिवाद अचूक होता; त्यात लाकडाचा हिशेब मात्र धरलेला नव्हता. टेफ्लॉनचा बुश ज्या फ्लँजमध्ये बसविला होता तो लाकडाचाच होता, आणि लाकूड आर्द्रतेबरोबर फुगते व आकसते. टेफ्लॉन त्याच्याबरोबर हलत नाही. पूर्वी लाकूड, कापड आणि पिन यांच्यातील लहानसहान फरक लोकरीच्या मऊपणात जिरून जात. आता एका हलणाऱ्या द्रव्यात एक न हलणारे आणि कठीण द्रव्य बसले होते. काही पियानोंत बुश लाकडात सैल पडले आणि हातोडीच्या प्रत्येक उडीबरोबर बारीक ‘टिक’ असा आवाज येऊ लागला. अन्यत्र सांधे आवळले गेले. मऊ कापडात सैल पिनेचा आवाज दबून जातो, कठीण बुशात तो उघडा पडतो. शिवाय दुरुस्ती करणाऱ्यांची सारी हत्यारे आणि सवयी कापडाच्या होत्या. टेफ्लॉनसाठी वेगळ्या मापाच्या पिना आणि वेगळी घासणी लागत. ती नसलेल्या तंत्रज्ञाच्या हाती असा पियानो गेला की दुखणे वाढे.

कंपनीने मधल्या काळात या रचनेत फेरफार करून पाहिले. अखेर १९८२ च्या सुमारास न्यूयॉर्कचा कारखाना कापडाकडे परतला. त्याच कंपनीच्या हॅम्बर्ग येथील कारखान्याने या संपूर्ण काळात कापडी बुशच वापरले होते, ही गोष्ट बरीच बोलकी आहे. तथापि टेफ्लॉनला सरसकट दोषी ठरविणेही अन्यायाचे होईल. नीट निगा राखलेले त्या काळातील कित्येक पियानो पुढेही उत्तम वाजत राहिले. चूक द्रव्यात नव्हती. दोन विजोड द्रव्यांच्या जोडणीत होती.

लाकडाऐवजी काय?

हाच विचार पुढे नेला तर दुसरा मार्ग दिसतो. बुश बदलण्याऐवजी त्याच्याभोवतीचे लाकूडच का बदलू नये? जपानमधील हामामात्सू येथील कावाई कंपनीने तो मार्ग धरला. १९७१ मध्ये तिने ॲक्शनमधील काही भागांसाठी एबीएस हे प्लास्टिक वापरण्यास सुरुवात केली. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यात कार्बन तंतू मिसळलेले भाग आले. ते अधिक ताठ असल्याने आणखी बारीक व हलके करता आले. बुश मात्र लोकरीच्या कापडाचेच राहिले. म्हणजे स्टाइनवेने लाकूड ठेवून कापड काढले, तर कावाईने कापड ठेवून लाकूड काढले. आणि टिकली ती दुसरी जोडी.

या बदलाला विरोधही पुष्कळ झाला, आणि त्यामागे केवळ लाकडाबद्दलचा भाविकपणा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत बनलेल्या अनेक लहान घरगुती पियानोंत जोडभाग तत्कालीन प्लास्टिकचे होते. काही वर्षांत ते ठिसूळ होऊन हात लावताच तुटू लागले. ती आठवण दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात ताजी होती. आधुनिक प्लास्टिक त्या जातीचे नाही, हे सिद्ध व्हायला काही दशके जावी लागली. आज कावाईचे असे भाग असलेले मैफलीचे पियानो आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या रंगमंचावर दिसतात. अमेरिकेत मेसन अँड हॅमलिन या जुन्या कंपनीने ‘वेसेल, निकेल अँड ग्रॉस’ हे एकोणिसाव्या शतकातील ॲक्शन-निर्मात्यांचे नाव पुनरुज्जीवित करून संमिश्र द्रव्याचे भाग आणि कार्बन तंतूंच्या पोकळ दांड्या बाजारात आणल्या. जुन्या पियानोतही त्या बसविता येतात.

दांडीचे लाकूड तसे क्षुल्लक नव्हे. मेपल किंवा हॉर्नबीमच्या दोन दांड्या एकाच मापाच्या असूनही त्यांचा ताठपणा सारखा नसतो. फरशीवर टाकली असता एक खणखणते, दुसरी बद्द आवाज करते. काळजीपूर्वक काम करणारे कारागीर दांड्या अशाच आवाजावरून निवडून, खणखणीत दांड्या वरच्या सप्तकांसाठी राखून ठेवतात. कार्बनच्या दांड्यांत ही निवड करावी लागत नाही. त्यामुळे पियानोचा स्वभाव सपाट होतो की काय, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि श्रोत्याला केवळ कानांनी दोहोंतील फरक ओळखता येईल, अशी खात्री बाळगणे धाडसाचेच ठरेल.

स्क्रू, कागदाची पट्टी आणि सरस

सांध्यानंतर प्रश्न येतो तो हे सांधे कशावर बसवायचे याचा. हातोड्यांचे ८८ आणि व्हिपनचे ८८ असे १७६ फ्लँज प्रत्येकी एका स्क्रूने आडव्या पट्ट्यांवर आवळलेले असतात. या पट्ट्या पूर्वी नुसत्या लाकडाच्या असत आणि कालांतराने वाकत. १८६० च्या दशकाच्या अखेरीस स्टाइनवेने पितळी नळ्यांत लाकूड भरून त्यांची चौकट केली. बाहेरची नळी वाकू देत नाही आणि आतले लाकूड स्क्रूला धरून ठेवते, अशी ही सुबक तडजोड आजही त्या कंपनीच्या पियानोंत आढळते. इतर अनेकांनी पुढे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्वीकारल्या.

फ्लँजचे लाकूड आकसले की स्क्रू सैल पडतो. सैल स्क्रूवरची हातोडी तिरकी उडते, तीनपैकी दोनच तारांवर नेमकी बसते आणि स्वर पातळ होतो. म्हणून कोणत्याही गंभीर जुळवणीची सुरुवात हे १७६ स्क्रू आवळून होते. काम कंटाळवाणे आहे, पण ते न करता पुढची मापे घेणे म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी काढणे. हातोडी सरळ रेषेत वर न जाता वाटेत एका बाजूला कलत असेल, तर तिच्या फ्लँजखाली एका कडेला गोंद लावलेल्या कागदाची चिंचोळी पट्टी चिकटवतात. कागदाच्या एका जाडीने हातोडीचा मार्ग बदलतो. दांडीच पिळलेली असेल तर ती दिव्यावर हलकेच तापवून सरळ करतात. संगणकाधारित यंत्रांवर भाग कापले जाऊ लागल्यावर या दुरुस्त्यांचे प्रमाण घटले. परंतु कागदाच्या पट्टीची गरज संपलेली नाही.

हातोडी दांडीवर चिकटविण्याचा टप्पाही असाच नाजूक. प्रत्येक विभागाच्या दोन्ही टोकांच्या हातोड्या आधी बसवायच्या, त्या तारेला काटकोनात भिडतात का हे पाहायचे आणि मग मधल्या हातोड्या त्यांच्या ओळीत आणायच्या. येथे प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला जुना सरस अद्याप मान राखून आहे. तो लवकर धरतो, कडक होतो आणि उष्णता व वाफ दिली की सुटतो. पन्नास वर्षांनी हातोड्या बदलणाऱ्या कारागिराला हा शेवटचा गुण फार मोलाचा वाटतो. बाहेरील वक्र भिंतीची गोष्ट निराळी. तिथे सुटणारा सांधा नकोच असतो. स्टाइनवेने १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत कठीण मेपलच्या लांब पातळ फळ्यांना सरस लावून, त्या एकत्रच साच्याभोवती वाकवून सबंध भिंत एका दमात घडवितात. आता त्यासाठी कृत्रिम राळेचे चिकटद्रव्य वापरले जाते.

एका ग्रॅमचे पाच ग्रॅम

वर सांगितलेला पाचाचा आकडा येथे उपयोगी पडतो. हातोडीत एक ग्रॅम वजन वाढले तर ते बोटाला सुमारे पाच ग्रॅमने जाणवते. पट्टी अगदी हळू खाली जाण्यासाठी लागणारे वजन साधारण ५० ग्रॅम असावे, असा प्रघात आहे. ती स्वतःहून वर येताना किमान २० ग्रॅम उचलू शकली पाहिजे. या दोन आकड्यांतील फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण. येथे ते १५ ग्रॅम होईल. एवढ्या साध्या वजाबाकीवरून पट्टी जड का वाटते, वजनामुळे की सांध्यांमुळे, हे बरेचसे कळते.

कारखान्यांची जुनी पद्धत अशी की हातोड्या जशा येतील तशा बसवायच्या आणि मग पट्टीच्या पुढच्या भागात शिशाचे गोळे ठोकून सर्वत्र ५० ग्रॅमचा आकडा जुळवायचा. मापाला ते बरोबर दिसे. पण शिसे वजन तोलते, जडत्व कमी करीत नाही. उलट वाढविते. हळू वाजविताना हलकी वाटणारी पट्टी जलद लयीत हाताला ओढू लागते. दोन शेजारच्या पट्ट्यांचा आकडा एकच असूनही एकीत जड हातोडी व पुष्कळ शिसे आणि दुसरीत हलकी हातोडी व थोडे शिसे असेल, तर वादकाला त्या दोन निरनिराळ्या वाद्यांच्या पट्ट्या वाटतात. १९३० च्या दशकात स्टाइनवेने शिसे पट्टीच्या टेकूजवळ सरकवून आणि टेकूला अर्धगोल आकार देऊन हे जडत्व घटविण्याचा प्रयत्न केला. १९९० च्या दशकात डेव्हिड स्टॅनवूड या अमेरिकी तंत्रज्ञाने निराळा क्रम मांडला. आधी प्रत्येक हातोडीचे वजन मोजायचे, खर्जापासून तारसप्तकापर्यंत ते एका सलग उतरत्या रेषेत आणायचे, तरफेचे प्रमाण तपासायचे आणि शिसे सर्वांत शेवटी, लागेल तेवढेच घालायचे. पियानोचे भाग न बदलता केवळ जुळवणीच्या क्रमात केलेला हा बदल अलीकडच्या काळातील सर्वांत विचारपूर्ण सुधारणांपैकी एक मानावा लागेल.

मोठ्या वादकांच्या आवडी या मापांच्या कडेवर चालतात. व्लादिमिर होरोविट्झ यांच्या पियानोची पट्टी विलक्षण हलकी ठेवलेली असे. १९८६ मध्ये ते मॉस्कोला गेले तेव्हा स्वतःचा पियानोही बरोबर घेऊन गेले. कॅनडाचे ग्लेन गूल्ड यांनी तर आपल्या आवडत्या स्टाइनवेची यंत्रणा हार्पसिकॉर्डसारखा तत्काळ प्रतिसाद मिळावा म्हणून अगदी टोकापर्यंत जुळवून घेतली. १९६४ मधील बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात मधल्या सप्तकातील काही स्वर उचकी लागल्यासारखे दुबार उमटतात. हा दोष गूल्ड यांनी लपविला नाही. ध्वनिमुद्रिकेसोबतच्या टिपणात त्यांनी त्याचा उघड उल्लेख केला आणि मिळालेल्या स्पष्टतेसाठी तो पत्करला. हातोडीच्या सुटकेचे अंतर फार कमी केले किंवा तोलणारी कमान फार ताणली, की हातोडी तारेवरून परतून पुन्हा तारेला शिवू शकते. मिलिमीटरचा अंश इकडे असेल तर हळुवार स्वर निघतच नाही, तिकडे गेला तर तो दोनदा निघतो.

दमट हवेतील पियानो

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर पियानो मुंबईत आणि अन्य बंदरांत उतरले, तेव्हा जोडणीची खरी परीक्षा झाली. युरोपच्या हवेत वर्षानुवर्षे टिकणारे सरसाचे सांधे येथे सुटत आणि वरचा पातळ लाकडी थर पापुद्र्यासारखा उलगडे. इंग्लिश कारखानदारांनी मग उष्ण वसाहतींसाठी वेगळे पियानो बनविण्यास सुरुवात केली. त्यांत पातळ थराऐवजी भरीव लाकूड वापरीत आणि सांध्यांना सरसाच्या जोडीला पितळी स्क्रूंचा व पट्ट्यांचा आधार देत. चिकटविण्याऐवजी आवळण्याचा हा पर्याय हवेनेच शिकविला होता.

मुंबईच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते. पियानोला मानवणारे प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास. जुलैत आवळलेला सांधा जानेवारीत सैल असतो. पट्टी अडकू लागली की पुष्कळदा दोष यंत्रणेत नसून पट्टीखालच्या मार्गदर्शक पिनेभोवतीचे कापड फुगलेले असते. ते विशिष्ट चिमट्याने हलकेच दाबले तरी काम भागते. तेल घातल्यास मात्र लाकूड व कापड दोन्ही कायमची खराब होतात. ग्रँड पियानोच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. डाव्या पायाच्या पेडलने सबंध ॲक्शन बाजूला सरकते, त्यामुळे तिची चौकट तळफळीला स्क्रूने जखडता येत नाही. ती केवळ टेकलेली असते आणि सर्वत्र सारखी टेकावी लागते. तळफळी ओलाव्याने थोडी जरी फुगली तरी चौकट एखाद्या ठिकाणी अधांतरी राहते आणि जोरात वाजविताना ठोका ऐकू येतो. तंत्रज्ञ चौकटीखाली कागदाची पट्टी सारून ती कोठे सहज निसटते ते पाहतात आणि तेथील आधार फिरवून उंची जुळवतात.

वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवले तर लाकडाला रोज दोन ऋतू सोसावे लागतात. त्यापेक्षा आर्द्रता एकसारखी, मग ती थोडी जास्त का असेना, अधिक बरी. सांध्यांच्या पिना बदलणे, हातोड्यांचे वजन जुळविणे, सुटकेची अंतरे ठरविणे ही मोठी कामे त्यामुळे पावसाळा ओसरून हवा काही आठवडे स्थिरावल्यावर हाती घेणे श्रेयस्कर. भर पावसात केलेली जुळवणी दिवाळीपर्यंत पुन्हा बिघडलेली असते.